गोव्यातल्या हॉटेलासाठी पाणी आणि धूळ झेलणारी विजेची फिटिंग कशी निवडायची

आमचं अकरा खोल्यांचं गेस्ट हाऊस मांद्र्यात आहे, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. पहिल्या वर्षी बागेत, पायवाटेला आणि बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या पडवीत) मिळून चौतीस दिवे लावले. प्रत्येक खोक्यावर ‘आयपी ६५’, म्हणजे धूळ-पाणी अडवण्याची खूण, छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला होता, “ताई, निर्धास्त राहा.” श्रावण सरेपर्यंत त्यातल्या एकोणीस दिव्यांत पाणी शिरलं. एका गोल दिव्यात तर अर्ध्या काचेपर्यंत पाणी, त्यावर मेलेला पतंग तरंगतोय आणि दिवा बिनधास्त पेटलेला. रात्री दोनला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायची, खोल्यांतले एसी बंद व्हायचे, पाहुणे बाहेर यायचे आणि मी टॉर्च घेऊन डीबीपुढे (सगळ्या सर्किटांचे स्विच असतात त्या पेटीपुढे) उभी.

चवथीच्या आधी गावातला जुना वायरमन आला. त्याने दिव्याचं झाकण उघडलंही नाही. खालची वायर ओढून बघितली आणि म्हणाला, “बाय, उदक पायपांतल्यान येता.” बागेच्या वरच्या अंगाला जमिनीत एक चेंबर होतं, ते पावसाने भरायचं. तिथून वायरीच्या पाइपातून पाणी उताराला लागायचं आणि सरळ दिव्यांच्या पोटात. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. पण तो कारखान्यात बंद असलेल्या दिव्याचा होता, आम्ही भोक पाडून भिंतीवर ठोकलेल्या दिव्याचा नव्हता.

त्यानंतर दोनदा बरंच काही बदललं. तुम्ही नवीन हॉटेल, होमस्टे किंवा रिसॉर्ट उभारत असाल तर खालच्या क्रमाने जा.

१. आकडा वाचायला शिका

आयपी म्हणजे आत शिरणाऱ्या गोष्टींपासून किती संरक्षण आहे त्याची खूण. भारतीय मानक आयएस/आयईसी ६०५२९. यातला पहिला अंक धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून ‘६५’ला पासष्ट म्हणून वाचू नका, सहा-पाच म्हणा.

धुळीत ५ म्हणजे थोडी धूळ जाईल पण काम अडणार नाही, ६ म्हणजे अजिबात जाणार नाही. पाण्यात ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे. ५ म्हणजे नळीचा झोत, मिनिटाला साडेबारा लिटर. बागेला पाणी घालायच्या नळीइतका धरा. ६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरचा जोरदार झोत. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे सतत पाण्याखाली, आणि किती खोल ते कंपनी सांगेल तेवढंच. अंकाच्या जागी एक्स असेल, जसं आयपी एक्स ४, तर त्या बाजूची चाचणी सांगितलेली नाही एवढाच अर्थ.

इथे बहुतेकांची गल्लत होते: ६७ हा ६५ पेक्षा सगळ्या बाबतीत वरचढ नाही. बुडवलेली वस्तू तग धरते म्हणून ती झोतासमोरही टिकेल असं नाही, त्या वेगळ्या चाचण्या आहेत. दोन्ही हवं असेल तर खोक्यावर ‘आयपी ६६/६७’ असे दोन आकडे लिहिलेले शोधा.

दुसरं म्हणजे, ही चाचणी नव्या वस्तूवर, गोड्या पाण्याने, थोडा वेळच होते. खारं वारं, ऊन, गंज यांचा त्या आकड्यात हिशेबच नाही.

२. वस्तू निवडण्याआधी जागा लिहून काढा

वहीत किंवा नकाशावर प्रत्येक पॉइंटपुढे तीन गोष्टी लिहा: पाणी कुठून येणार (वरून, बाजूने झडीने, खालून, नळीने), धूळ किंवा वाळू आहे का, आणि कोणाचा हात लागणार. आमच्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही सरळ पडत नाही. पश्चिमेच्या व्हरांड्यात झड आत येते म्हणून तर पूर्वी लोक झावळ्यांची झापं बांधायचे. छप्पर आहे म्हणून व्हरांडा ‘आतला’ धरू नका. माझा ठोकताळा असा:

- खोलीच्या आत, आतल्या भिंतीवर: साधं आयपी २० पुरे. इथे पैसे घालवू नका.
- पूर्वेचा, खोल व्हरांडा: ४४ चालेल. पश्चिमेला ५५ किंवा ६५.
- उघडी भिंत, गेट, पार्किंग, गच्ची: ६५.
- जमिनीत पुरलेले दिवे: ६७. खाली खडीचा थर आणि पाणी निघायला वाट हवीच. चिऱ्याच्या कातळात खड्डा मारून दिवा बसवला तर पावसाळाभर तो वाटीत बसल्यासारखा असतो.
- स्वयंपाकघर, धुलाईची जागा, पंपघर: ६५.

स्वयंपाकघराबद्दल दोन वाक्यं जास्त. भांडी-ओट्याच्या वर काचेचा दिवा नको, फुटला तर सगळं अन्न फेकावं लागतं. पॉलिकार्बोनेटचं कव्हर घ्या. पण शेगडीच्या बरोबर वर तेच प्लास्टिक वाफ-तेलाने पिवळं पडून तडकतं, तिथे टफन्ड काचेचा, जास्त तापमानाचा दिवा लागतो. दिव्यावर ‘टीए’ आणि पुढे अंश लिहिलेले असतात, म्हणजे आसपासच्या किती गरम हवेत तो चालेल ते. काहीच लिहिलं नसेल तर तो २५ अंशांसाठी धरलेला असतो. गोव्यात २५ अंश कधी असतं ते मला सांगा. ४५ किंवा ५०चा मागा.

किनाऱ्याला लागून असाल तर आणखी एक गोष्ट. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. समुद्राकडे तोंड करून पांढरा झगझगीत दिवा लावू नका. खाली वळवलेला, झाकलेला, पिवळसर दिवा घ्या. त्यावर पतंगही कमी येतात.

३. बाथरूम: टेप घेऊन मोजा

बाथरूमचे विभाग आखलेले असतात. शॉवरच्या तळाचा किंवा टबच्या आतला भाग शून्य विभाग, त्याच्या वर जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंत पहिला, आणि त्याच्या बाजूला साठ सेंटिमीटर दुसरा. शून्यात आयपी एक्स ७, पहिल्या-दुसऱ्यात निदान एक्स ४, आणि सफाईला नळी मारत असाल तर एक्स ५. साधं सॉकेट या तिन्हींत नको. गिझरचा स्विच बाथरूमबाहेर ठेवा.

हल्ली सगळ्यांना उघड्या आभाळाखालचा शॉवर हवा असतो. फोटो छान येतात. पण ते बाथरूम नव्हे, ते अंगण आहे असं समजूनच फिटिंग निवडा: ६५, आणि स्विच छपराखाली, आत.

४. पूल असेल तर स्वतः डोकं लावू नका

पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच, एक्स ८चा आणि ट्रान्सफॉर्मर पूलच्या विभागांबाहेर. काठापासून दोन मीटर पहिला विभाग, त्यापुढे दीड मीटर दुसरा. काठावर म्युझिकसाठी एक्स्टेंशन बोर्ड आणून ठेवणारा डीजे तुम्हाला भेटणारच आहे. त्याला कुठे जागा द्यायची ते आधी ठरवा. बाकी सगळं पूलचं काम केलेल्या परवानाधारक कंत्राटदाराकडून.

५. धातू बघा, कारण खारं वारं सगळं खातं

दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. दुपारी वाऱ्याबरोबर आलेलं मीठ फिटिंगवर बसतं, मीठ ओल धरतं, आणि त्यावर लाल माती चिकटली की तो लेप वीज वाहू शकतो. म्हणून इथे धूळ आणि पाणी हे दोन वेगळे शत्रू नाहीत.

रंगवलेलं लोखंड किनाऱ्यावर घेऊच नका. ॲल्युमिनियम घ्यायचं तर तांबं कमी असलेल्या मिश्रधातूचं, एलएम ६ विचारा. स्टील हवं तर ३१६ जातीचं स्टेनलेस. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठासमोर ते टिकतं. ३०४वर दोन पावसाळ्यांत चहा सांडल्यासारखे डाग येतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, “बघा ताई, चिकटत नाही, मरीन ग्रेड आहे.” ३०४लाही चुंबक सहसा चिकटत नाही. तो खेळ बघा, हसा आणि कागद मागा.

स्क्रू वेगळे तपासा. दिवा चांगला आणि त्याचे चार स्क्रू साध्या लोखंडाचे, हे इतक्यांदा बघितलंय की मी आता पहिला स्क्रूच काढून बघते. तो गंजला की पुढच्या वर्षी झाकण उघडत नाही, वायरमन छिन्नी लावतो, कड तुटते आणि तुमचं ६५ तिथेच संपतं. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू घालताना थोडं ग्रीस लावा, नाहीतर दोन धातू एकमेकांना खातात.

मला विचाराल तर समुद्राजवळच्या भिंतीवर यूव्ही झेलणाऱ्या पॉलिकार्बोनेटचे साधे बल्कहेड (भिंतीला चिकटून बसणारे, बंद झाकणाचे) दिवे सगळ्यात कमी त्रास देतात. दिसायला विशेष नाहीत, मान्य. आमच्या आर्किटेक्टला ते अजून खुपतात.

६. वायर जिथून आत जाते ती जागा

या एका पायरीवर घाई करू नका.

फिटिंगला वायरीसाठी रबराची बूच किंवा ग्लँड (केबलभोवती आवळायचं कडं) असते. ग्लँडवर केबलचा व्यास किती ते किती मिलिमीटर चालेल ते लिहिलेलं असतं. केबल त्या मापात आणि गोल हवी. दोन-तीन सुट्या वायरी एका ग्लँडमधून घातल्या की त्यांच्यामधल्या फटीतून पाणी जातं, कितीही आवळा. चपट्या केबलचंही तेच. आमच्या चौतीस दिव्यांत सगळीकडे सुट्याच वायरी होत्या, टेप गुंडाळून.

- केबल खालून आत घ्या. वरून घेणं भागच असेल तर तिला आधी खाली झोल द्या, म्हणजे थेंब झोलावरून गळून पडेल.
- जमिनीतून येणाऱ्या पाइपाचं तोंड केबल घातल्यावर बंद करा आणि चेंबरला तळाशी पाणी जायला वाट ठेवा.
- बॉक्सला पाच भोकं असतील आणि दोनच वापरली, तर उरलेल्या तिघांना बूच मारा. पाल आणि मुंग्याही तिथूनच येतात. आमच्या गेटच्या बॉक्समध्ये मुंग्यांचं आख्खं वारूळ निघालं होतं.
- गॅस्केट (झाकणाखालचं रबराचं कडं) खोबणीत नीट बसलंय ना ते बोट फिरवून बघा. स्क्रू समोरासमोरचे आवळा, एका बाजूने ओळीने नाही.
- सिलिकॉन वापरताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्याने तांबं-पितळ खराब होतं आणि कळंक चढतो. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. आणि दिव्याच्या तळाला कंपनीने मुद्दाम ठेवलेलं पाणी निघायचं भोक उत्साहाच्या भरात लिंपू नका. आमच्या पोराने सहा लिंपले होते.

सगळं नीट असूनही काचेवर आतून दव येतं, त्याचं कारण वेगळं. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. सर आली की दिवा एकदम गार होतो, हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरची ओल ओढून घेते. रोज संध्याकाळी हाच श्वास. मोठ्या फिटिंगमध्ये आणि उघड्यावरच्या बॉक्समध्ये यासाठी ब्रीदर प्लग मिळतो: हवा सोडतो, पाणी अडवतो. बागेतल्या डीबीला तो बसवलाच पाहिजे असं माझं मत आहे.

एलईडी पट्ट्यांचं ६५ कापल्याबरोबर जातं. कापलेल्या टोकाला कंपनीचीच टोपी आणि न्यूट्रल सिलिकॉन लागतं. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) ६७चा घेऊन त्याचा जोड उघड्यावर टेपने गुंडाळणं हा इथला आवडता प्रकार आहे. तो जोड बॉक्समध्येच हवा.

७. बाहेरची सॉकेट

झाकणाच्या सॉकेटवर ५५ लिहिलेलं असतं तेव्हा विचारा, प्लग लावलेला असताना किती? बहुतेकांचा आकडा झाकण बंद असतानाचा असतो आणि वापर नेमका झाकण उघडं असताना होतो. प्लग आत ठेवून झाकण बंद होणारी खोल कव्हरं मिळतात, ती घ्या. लग्नाचे मांडव, बाहेरचा बार, पाण्याचा पंप यांना निळी १६ अँपिअरची औद्योगिक सॉकेटं बरी: ४४ची शिंतोड्यांना, फिरवून आवळायच्या कड्याची ६७ची उघड्यावर. प्लगही तसाच लागतो, हे कॅटररला आधी सांगा, नाहीतर तो वायरी काड्यांनी खोचतो.

८. डीबीत बाहेरचं वेगळं काढा

कोणतंही फिटिंग कधीतरी भिजणार. तेव्हा माणूस वाचला पाहिजे आणि हॉटेल अंधारात जाता कामा नये. बाहेरच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीबीओ (गळती किंवा जादा भार झाला की तेवढंच सर्किट तोडणारा स्विच) द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी अख्ख्या मजल्याला एकच आरसीसीबी होती, म्हणून बागेतल्या एका दिव्यासाठी सहा खोल्या गरमीत झोपल्या. आरसीसीबी सतत पडते म्हणून ती काढून थेट जोडणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मे आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी डीबीत सर्ज प्रोटेक्शनही घ्या. अर्थिंगचं माप पावसाळ्यात नाही, मेमध्ये जमीन सुकलेली असताना घ्या, तेव्हाच खरं कळतं.

९. खरेदीला जाताना हे जवळ ठेवा

- पॉइंटची यादी (पायरी २), मोजमापांसह
- मॉडेल नंबरचं माहितीपत्रक. खोक्यावरचा नंबर आणि त्यातला नंबर एकच आहे ना
- आयपी चाचणीचा अहवाल, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा. ‘आयपी ६५ टाइप’ असं लिहिलेलं असेल तर वस्तू खाली ठेवा
- स्विच-सॉकेटवर आयएसआय खूण, एलईडी दिव्यांवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ नंबर. दोन्ही ‘बीआयएस केअर’ ॲपवर दुकानातच तपासता येतात
- जीएसटीचं बिल, त्यावर मॉडेल लिहिलेलं, आणि वॉरंटी ‘किनारपट्टीवर लागू नाही’ असं बारीक अक्षरात आहे का ते
- कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत. वीज खात्याच्या कागदांसाठीही लागते

सगळे एकदम घेऊ नका. प्रत्येक जातीचा एक घ्या, घरी उघडा, ग्लँड-स्क्रू-गॅस्केट बघा, मग बाकीची ऑर्डर. आणि दहा दिव्यांमागे एक जास्तीचा घ्या. दोन वर्षांनी तेच मॉडेल मिळत नाही.

१०. लावल्यावर, पैसे देण्याआधी

मेगर लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजायला सांगा: ५०० व्होल्टला निदान एक मेगाओम. मोजताना एलईडी ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्शन सुटे करायला लावा, नाहीतर तेच जळतात. आकडे लिहून घ्या, तारखेसह. पुढच्या वर्षीचा आकडा खाली आला असेल तर तेव्हा हीच वही उपयोगी पडते.

मग मेन बंद करून बाहेरच्या दिव्यांवर बागेची नळी तीन-चार मिनिटं सगळ्या बाजूंनी मारा. अर्ध्या तासाने प्रत्येक दहांतले दोन उघडा आणि आत कागदी नॅपकिन फिरवा. ओला निघाला तर त्या वायरमनने लावलेले सगळे उघडायचे. अंतिम हप्ता याच्यानंतर.

११. दर मेमध्ये

मृगाच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे हे काम असतं, पाहुणे कमी असतात. गोड्या पाण्याच्या फडक्याने फिटिंगवरचं मीठ पुसायचं. प्रेशर पंप मारायचा नाही, ६५ त्याच्यासाठी नाही. कडक झालेली गॅस्केटं बदलायची. आरसीसीबीचं टेस्ट बटण मी महिन्यातून एकदा दाबते, मेमध्ये वायरमनसमोर. चेंबरमधला पाला काढायचा.

आणि पावसात एखादा दिवा भिजलाच, तर नुसता सुकवून परत लावू नका. आधी तो सर्किट बंद करा, वायर खाली ओढून पाइपातून पाणी येतंय का बघा, कनेक्टरवर हिरवा कळंक असेल तर ते टोक कापून नवं सोला. आमच्या त्या एकोणीसांपैकी बारा दिवे असे परत लागले आणि अजून पेटताहेत, त्याच जागी, आता गोल केबलवर.